दांड्यावरचं वजन

मिस्त्री सकाळीच आला. माझी पूजा नुकतीच आटोपली होती. दिव्यापुढे हात जोडून मी रोज एकच नेम घेते, की आज दिवसभर खोटं बोलणार नाही. आयुष्यभराची शपथ घ्यायची माझी छाती नाही. एका दिवसाचं निभतं, उद्याचं उद्या पुन्हा मागायचं. तो नेम घेऊन मी बाहेर आले, तर मिस्त्री अंगणात गाडीच्या मागच्या चाकाशी उकिडवा बसून चाकावरच्या कमानीची जमिनीपासूनची उंची मोजत होता. आमचे हे त्याच्या डोक्याशी उभे होते. तो चुकीचंच मोजणार अशी खात्री असल्यासारखे.

"काका, तुमची सावली पडतेय."

"पडू दे. उन्हाने टेप वाढते."

"कापडी आहे ही."

"मग तर आणखीच वाढत असेल."

मिस्त्री हसला आणि त्याने आकडा खडूने चाकावरच लिहून ठेवला. तो आमच्या मुलाचा मित्र. मुलगा होता तेव्हाही तो असाच यायचा, असाच ह्यांची बोलणी खायचा.

आमचं दगडाचं काम. पायऱ्या, उंबरे, बागेतली कुंडं, नावं कोरलेल्या शिळा. घराला लागूनच पत्र्याची शेड आहे आणि तिथली पूड घरभर असते. पुस्तक उघडलं तरी पानांत ती सापडते. ह्यांनी हातोडा धरला तो वडिलांकडून, आणि मुलाने धरला तो ह्यांच्याकडून. फरक एवढाच, की माल पोचवायला दुसऱ्याचा ट्रक कशाला, असं म्हणत मुलाने गाडीमागे ओढायचा ट्रेलर घेतला.

त्याच ट्रेलरने त्याला नेलं. गेल्या वर्षी एक मोठी शिळा घेऊन जाताना लांबच्या उतारावर ट्रेलर मागे झुलायला लागला, झुलत झुलत त्याने गाडीला रस्त्याबाहेर ओढलं, आणि दोन्ही नाल्यात गेले.

"उतारावर पाय आवरला नाही त्याने," हे त्याच दिवशी म्हणाले. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला म्हणाले. दुःखाला काहीतरी हाताशी धरायला लागतं, ह्यांनी ते वाक्य धरलं. सूनबाई एकदाच बोलली होती, "बाबा, ते वेगात नव्हते." त्यावर ह्यांनी विचारलं, "तू होतीस का तिथे?" ती नव्हती. त्यानंतर तिने तो विषय काढला नाही. वर्षभर दोघं एका छपराखाली राहिली, एकमेकांना वाढलं, औषधाची आठवण केली, आणि एकमेकांकडे बघायचं मात्र टाळलं.

आणि मी रोज देवाजवळ मुलासाठी क्षमा मागत राहिले. लेकराच्या हातून घाई झाली, पदरात घे, म्हणून.

आता सूनबाईने ठरवलं होतं, की गाडी ती चालवणार. तिने ही दणकट, उंच गाडी दुसऱ्याकडून घेतली, ट्रेलर सरळ करून आणला. दवाखान्याच्या अंगणासाठी एक मोठं दगडी कुंड घडवायचं काम मुलाच्याच वेळचं राहिलं होतं. ते ह्यांनी पुरं केलं. ते पोचलं तर शेड चालू राहील, नाहीतर कुलूप लावायचं, हे न बोलता सगळ्यांना ठाऊक होतं. पण आदल्या दिवशी कुंड ट्रेलरवर चढवून गाडीला जोडलं, तर गाडीचं बूड खाली बसलं आणि नाक वर आलं.

"असली गाडी मी अंगणाबाहेर जाऊ देणार नाही," हे म्हणाले होते. "एक पोर घालवलंय मी. हिला पाठवणार नाही." कुंड त्यांनी पुन्हा उतरवून ठेवलं होतं.

म्हणून मिस्त्री आला होता. मागच्या दोन्ही स्प्रिंगांच्या पोटात बसवायचे हवेचे दोन जाड फुगे त्याने आणले होते. मोठ्या तांब्याएवढे, काळे.

"फुग्यावर दगड ठेवणार तुम्ही?" ह्यांनी एक फुगा दाबून बघितला.

"काका, चार चाकांत काय वाळू भरलीय?"

हे जॅकचा दांडा द्यायला पुढे झाले, म्हणजे हरल्याचं त्यांनी मान्य केलं.

पुढची चाकं ठोकळ्यांनी अडवून मिस्त्रीने मागची बाजू उचलली, खाली टेकू म्हणून लोखंडी घोडे लावले आणि मागच्या चाकांना जोडणारा आस हळूच खाली सोडला. तसे दोन्ही स्प्रिंग सैल होऊन लांबले. त्यांच्या आतला रबरी ठोकळा त्याने पिळून बाहेर काढला. मग फुग्यातली हवा दाबून काढली, तोंडाला टोपण लावलं, फुगा चपटा करून दुमडला आणि स्प्रिंगच्या दोन वेढ्यांमधून आत सरकवायला लागला. तेवढ्या वेळात त्याने देवापासून फुगा बनवणाऱ्यापर्यंत सगळ्यांची आठवण काढली. माझं लक्ष गेल्यावर म्हणाला, "काकू, तुम्ही आत जा. हे काम सोवळ्यात होत नाही."

"मी ऐकत नाहीये," मी म्हणाले, आणि लगेच चूक लक्षात आली. "म्हणजे, ऐकतेय. चालू द्या."

टोपण काढल्यावर फुगा आतल्या आत पसरून बसला. त्याची नळी मिस्त्रीने सायलेन्सरपासून लांब वळवून बंपरपर्यंत नेली, जागोजागी बांधली. दोन फुग्यांना दोन वेगळ्या नळ्या. ह्यांनी विचारलं, दोन कशाला, एकात एक जोडून द्या. तर म्हणाला, मग वळणावर या कुशीतली हवा त्या कुशीत पळते आणि गाडी आणखीच कलंडते. हे "हं" म्हणाले. पटलं की हे फक्त "हं" म्हणतात.

सूनबाई शेडमध्ये कुंडाच्या कडांना फोम बांधत होती. ऊन चढत होतं. मी पाण्याचा तांब्या घेऊन पायरीवर बसले होते.

"एवढा उपद्व्याप करतोयस खरा," हे गाडीखालच्या पायांशी बोलले, "पण काल रागात मला सुचलं नाही, दगड जरा मागे सरकवला की गाडी आपोआप सरळ होते. मी नाही का केली होती."

गाडीखालून आवाज आला, "किती मागे?"

"पाणसळीत येईपर्यंत." पाणसळ म्हणजे ते काचेच्या नळीतल्या बुडबुड्याचं साधन, ज्याच्याशिवाय आमच्याकडे एक पायरीही बसत नाही. ह्यांच्या खिशात ती लहानशी कायम असते. "बंपरवर पाणसळ ठेवायची आणि दगड सरकवत जायचा. बुडबुडा मध्यावर आला की थांबायचं. त्या दिवशी मीच लावून दिली होती. भरलेला पेला ठेवला असता तरी हिंदकळला नसता, अशी सरळ. एवढं करून दिलं, आणि पोराने उतारावर..."

पुढचं आम्हाला पाठ होतं. पण गाडीखालचा पान्याचा आवाज थांबला. मिस्त्रीचे पाय तेवढे बाहेर दिसत होते, तेही हलायचे थांबले.

"त्याआधी काय न्यायचा तो?" त्याने विचारलं. आवाज वेगळा होता.

"त्याआधी पायऱ्या. सुट्या असायच्या, पसरून भरायचो. एकच एक मोठी शिळा त्या दिवशी पहिल्यांदा."

मिस्त्री बाहेर आला. काम अर्धं होतं, तरी हात धुवायला परसातल्या नळावर गेला. मी त्याच्या मागे गेले.

"काय झालं?"

"काही नाही, काकू."

"मी तुमच्याशी खोटं बोलणार नाही. तुम्हीही नका बोलू."

तो हात धूत राहिला. हात केव्हाच स्वच्छ झाले होते. मग हळूच म्हणाला, "ट्रेलरचं थोडं वजन गाडीच्या हुकावर पडायलाच हवं. पुढे जो दांडा असतो ना, त्यावर. त्या वजनाने गाडी ट्रेलरला धरून ठेवते. वजन मागे गेलं की दांडा हलका होतो. गाडी सरळ दिसते, छान दिसते, पण ती सरळ असते कारण तिच्यावर काही पडलेलंच नसतं. सपाटीला कळत नाही. उतारावर ट्रेलर झुलायला लागतो. आणि एकदा झुलायला लागला, की चालवायला देव बसला असला तरी..." तो थांबला. "देवाचं नाव घ्यायला नको होतं."

"घ्या," मी म्हणाले.

नळ चालूच होता. मी तो बंद केला. वर्षभर मी ज्याच्यासाठी क्षमा मागत होते त्याच्या हातून काही घडलंच नव्हतं. मनात पहिल्यांदा हेच आलं, आणि क्षणभर इतकं हलकं वाटलं की माझी मलाच लाज वाटली. कारण लगेच दुसरं आलं. अंगणात, हातात पाना घेऊन, वाट बघत उभ्या असलेल्या माणसाचं.

"ह्यांना सांगू नका."

"मी नाही सांगणार. पण दगड मागे घ्यायला लागले, तर मी अडवीन. आत वहिनी बसणार आहेत."

मी मान हलवली. नेम खोटं न बोलण्याचा होता. गप्प राहायला त्यात मनाई नव्हती. तेवढ्या फटीत उभं राहायचं मी ठरवलं.

दुसरा फुगाही बसला, दोन्हींत थोडी हवा भरली. गाडी पुन्हा चाकांवर आली. मिस्त्रीने सूनबाईला घरातला वजनकाटा आणायला सांगितला, माणसांनी उभं राहायचा साधा काटा.

"कुणाचं वजन करायचंय?" ती म्हणाली. "बाबांचं नको, ते काट्याशी भांडतात."

"दांड्याचं."

ट्रेलर शेडच्या तुळईखाली उभा केला, चाकांना ठोकळे दिले. पुढच्या दांड्याखाली काटा आणि काट्यावर लाकडाचा ओंडका, त्यावर दांडा टेकवला. मिस्त्रीने ट्रेलरच्या फळीवर चाकांच्या जरासं पुढे खडूची रेघ मारली. "काका, कुंडाचा मध्य इथे."

"फार पुढे होतंय."

"होऊ दे. गाडीचं बूड बसेल ते हवा उचलेल. त्यासाठीच फुगे."

ह्यांनी चेनची कप्पी ओढायला घेतली. ह्या कामात ह्यांचा हात कुणी धरू शकत नाही. एवढं जड कुंड निजलेल्या मुलासारखं उचललं आणि रेघेवर ठेवलं. सूनबाई काट्याशी मांडी घालून बसली होती. तिने आकडा वाचला, मिस्त्रीने मान डोलावली. "बरोबर. इतकं हवंच."

हे काही वेळ त्या रेघेकडे बघत राहिले. ट्रेलरच्या फळीवर मागच्या बाजूला दुसरी एक रेघ होती, लाल रंगाची, पुसट झालेली. ती ह्यांचीच, त्या दिवशीची.

"माझ्या जागेवर किती येतं ते बघू."

"नको काका. कशाला पुन्हा उचलायचं."

"बघू म्हटलं ना."

मिस्त्रीने माझ्याकडे बघितलं. मी काही म्हणू शकले असते. दमलात, पाणी घ्या, असं काहीतरी, आणि ते खोटंही झालं नसतं. पण ह्यांना मी इतकी वर्षं ओळखते. एकदा मनात आलेलं हा माणूस मोजल्याशिवाय सोडत नाही. आज नाही तर उद्या एकट्याने मोजलं असतं.

कुंड उचललं, मागे नेलं, लाल रेघेवर हळूहळू सोडलं.

"खाली येतोय काटा," सूनबाई वाचत होती. तिला काहीच माहीत नव्हतं. "अजून खाली. अजून. बाबा, शून्य झालं. काटा बिघडला की काय?"

"बिघडला नाही," मिस्त्री म्हणाला.

हे दांड्यापाशी आले. खाली वाकले, दांड्याखाली एक बोट घातलं आणि वर केलं. एवढा भरलेला ट्रेलर, आणि दांडा एका बोटाने उचलला गेला. त्यांनी तो खाली ठेवला, पुन्हा उचलला. पाळणा हलवावा तसा.

"असं असलं तर काय होतं?"

मिस्त्रीने खडू खिशात टाकला.

"तुला विचारतोय. उतारावर काय होतं?"

"झुलतो, काका."

"त्या दिवशी असंच होतं?"

"मी तिथे नव्हतो."

हे माझ्याकडे वळले. लग्न झाल्यापासून ह्यांनी मला नावाने हाक मारलेली नाही. तेव्हाही नुसतं म्हणाले, "तू सांग. तू मघाशी नळावर गेली होतीस."

माझी फट तिथे संपली. "असंच होतं," मी म्हणाले. "मला आत्ताच कळलं."

"म्हणजे त्याचा पाय नव्हता."

"नव्हता. तुमच्या हातून झालं." मी पदर मुठीत धरला. "तुम्हाला ठाऊक नव्हतं. तुम्ही गाडी सरळ करून दिलीत, पोराला त्रास होऊ नये म्हणून. पण झालं तुमच्या हातून."

हे घडवायला काढलेल्या एका उंबऱ्यावर बसले. रडले नाहीत. दोन्ही तळवे समोर धरून त्यांच्याकडे बघत बसले. मला वाटत होतं, जवळ जावं. पण गेले असते तर काहीतरी गोड बोलले असते, आणि त्या वेळी गोड म्हणजे खोटंच झालं असतं. मी जागेवर राहिले.

सूनबाई काट्याशी तशीच बसून होती. वर्षभर जे ऐकायला ती थांबली होती ते आलं, आणि असं आलं, की त्यात जिंकल्यासारखं कुणालाच वाटू नये. तिने ओढणीने काट्यावरची धूळ पुसली. मग पुन्हा पुसली. मिस्त्री साबणाचं पाणी घेऊन निमूटपणे गाडीपाशी गेला आणि नळ्यांच्या जोडांवर लावून कुठे फेस येतो का बघायला लागला.

बऱ्याच वेळाने हे म्हणाले, "मी आता दगडाला हात लावणार नाही."

सूनबाई उठली आणि त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"मग हे कुंड असंच मागे ठेवून जाऊ मी?"

"नको." इतक्या घाईने म्हणाले, की त्यांचं त्यांनाच कळलं नसावं.

"मला कप्पी ओढता येत नाही. मिस्त्रीभाऊंना गाड्यांचं कळतं, दगडाचं नाही, ते कड फोडतील."

"फोडीन," मिस्त्री तिकडून म्हणाला. "नक्की फोडीन."

"तुला माझ्या हातचं भरलेलं चालेल?" ह्यांनी विचारलं. वर्षभरात पहिल्यांदा तिच्याकडे सरळ बघितलं.

ती लगेच हो म्हणाली नाही. ते मला आवडलं. तोंडदेखलं हो ह्यांना ऐकवलं नसतं.

"आज सकाळी कुणी विचारलं असतं, तर चाललं असतं, कारण मला माहीत नव्हतं," ती म्हणाली. "आता माहीत आहे. तुम्ही भरा, काटा मी वाचणार. दर वेळी. मी वाचल्याशिवाय गाडी हलणार नाही."

"आणि राग?"

"आहे. दगडाचा नाही, पायाचा आहे. त्यांचा पाय आवरला नाही म्हणालात त्याचा. तो जायला वेळ लागेल, बाबा."

"लागू दे," हे म्हणाले आणि गुडघ्यावर हात देऊन उठले.

कुंड पुन्हा खडूच्या रेघेवर आलं. काटा वाचला. आकडा जरासा कमी होता, तर तिने "अजून पुढे" म्हटलं, आणि ह्यांनी निमूटपणे दोन बोटं पुढे घेतलं. पट्टे आवळले. ट्रेलर गाडीच्या हुकाला लावला, तशी गाडी पुन्हा बुडाने बसली. मिस्त्रीने बंपरमागच्या दोन तोंडांना आळीपाळीने पंप लावला. गाडीचं बूड हळूहळू वर यायला लागलं, आजाऱ्याला उशीवर टेकवून बसवावं तसं, आणि चाकावर खडूने लिहिलेल्या सकाळच्या आकड्याच्या जवळपास आल्यावर त्याने हवा थांबवली.

"आता सरळ दिसतेय," तो सूनबाईला म्हणाला. "पण हे लक्षात ठेवा वहिनी, दगड तेवढाच जड आहे. हवेने गाडी वर येते, ब्रेक वाढत नाहीत. रिकामी असली तरी थोडी हवा आत ठेवा, नाहीतर फुगा स्प्रिंगमध्ये चिमटतो. त्या बाजूला अजून थोडी भरतो."

त्याने पंप दुसऱ्या बाजूला लावला. पंपाची घरघर सुरू झाली. हे ट्रेलरच्या कडेवर हात ठेवून उभे होते. सूनबाई पट्टे ओढून बघत होती.

"तो," हे म्हणाले आणि थांबले. नंतर पुन्हा म्हणाले, "तो उतारावर कसा चालवायचा?"

तिचे हात पट्ट्यावरच राहिले.

"हळू," ती म्हणाली. "मागचे हॉर्न वाजवून दमायचे. एकदा तर एक सायकलवाला आम्हाला मागे टाकून गेला, जाताना हात हलवून. मी म्हटलं, अहो, लाज वाटते आता. तर म्हणाले, मागे बाबांनी महिनाभर घडवलेला माल आहे."

"कुठल्या उताराला?"

पंपाच्या आवाजात नीट ऐकू येत नव्हतं. हे एक पाऊल तिच्याजवळ सरकले. मिस्त्रीने हात लांब करून पंप बंद केला.